श्वासाची झडप

इसवी सन १८८० च्या नोव्हेंबर महिन्यांत, इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधून समुद्राकडे जाणाऱ्या सेव्हर्न नदीच्या कांठीं, सडब्रुक नांवाच्या खेड्याजवळ, अलेक्झांडर लँबर्ट नांवाचा एक पाणबुड्या पाण्यानें भरलेल्या खोल खड्ड्यांत उतरला. पाणबुड्यानें पाण्यांत उतरावें यांत नवल तें काय? नवल इतकेंच कीं, त्या दिवशीं त्याच्यामागून रबरी नळी जात नव्हती, आणि वर कांठावर हवेचा पंप चालविणारीं माणसें नव्हतीं. तासाभराहून अधिक वेळ पुरेल इतका श्वास त्यानें पाठीवर बांधून बरोबर नेला होता. पाण्याखालीं माणसानें स्वतःचा श्वास स्वतःच वागवावा या कल्पनेची पहिली खरी परीक्षा त्या अंधाऱ्या भुयारांत झाली. आणि त्या परीक्षेंत माणूस उत्तीर्ण झाला, पण एक झडप मात्र त्याला फसवून गेली.

सेव्हर्न नदीच्या पात्राखालून बोगदा खणून लोहमार्ग नेण्याचें काम ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीनें १८७३ त हातीं घेतलें होतें. सहा वर्षें खणती चालली. दोन्ही तीरांकडून खणीत आलेले मजूर एकमेकांना भेटण्यास थोडेंच अंतर उरलें असतां, १८७९ च्या ऑक्टोबरांत वेल्सच्या बाजूला जमिनीच्या पोटांतला एक प्रचंड झरा फुटला आणि एका दिवसांत सारें काम पाण्याखालीं गेलें. पुढें सर जॉन हॉकशॉ हे मुख्य इंजिनियर झाले व टॉमस वॉकर या कंत्राटदाराकडे काम आलें. मोठमोठे पंप बसविले गेले. परंतु पाणी हटेना. खड्ड्याच्या तळापासून सुमारें १००० फूट आंत, नदीखालच्या भुयारांत, एक लोखंडी दार होतें. झरा फुटल्यावर मजूर जीव घेऊन पळाले तेव्हां तें उघडेंच राहिलें होतें. तें लावलें तर नदीखालच्या लांबच लांब भुयाराचें पाणी अडणार होतें व पंपांचा भार हलका होणार होता. दार लावण्यास माणूस पाहिजे होता.

लँबर्ट प्रथम नेहमींच्या पोशाखांत गेला. तांब्याचें शिरस्त्राण, रबरी कापडाचा अंगरखा, शिशाचे तळवे असलेले जोडे, आणि वरून हवा आणणारी नळी. हा पोशाख ऑगस्टस सीब यानें १८३० नंतरच्या दशकांत सिद्ध केला होता, आणि बंदरांत किंवा बुडालेल्या गलबतावर काम करण्यास तो उत्तमच होता. कारण तेथें नळी सरळ वरून खालीं येते. येथें मात्र ती आधीं खालीं, मग आडवी, मग काळोखांतून हजार फूट न्यावयाची होती. ती ओढण्यास मदत व्हावी म्हणून आणखी दोन पाणबुडे मध्यें उभे केले. तरी नळी फुगून भुयाराच्या छताला चिकटे, तेथल्या लांकडांत अडके. दार जवळ आलें असतां लँबर्टच्या अंगांत तिला आणखी एक पाऊलही ओढण्याचें बळ उरलें नाहीं, आणि तो तसाच परत फिरला.

तेव्हां वॉकरनें हेन्री फ्ल्यूस याला बोलावणें पाठविलें. फ्ल्यूस हा व्यापारी जहाजावरील एक तरुण अधिकारी. शास्त्रज्ञ म्हणून त्याची ख्याति नव्हती आणि कारखानदारही तो नव्हता. परंतु नळीच्या या दास्यांतून पाणबुड्याला सोडविण्याचा त्याला ध्यास लागला होता, आणि १८७८ त त्यानें आपल्या यंत्राचें पेटंटही घेतलें होतें. त्याच्या विचाराचा पाया साधा आहे. माणूस जी हवा आंत घेतो तिच्यांत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. जी बाहेर टाकतो तिच्यांतही तो शेंकडा १६-१७ भाग शिल्लक असतो. म्हणजे उच्छ्वास कांहीं अगदींच उष्टा टाकाऊ माल नव्हे. त्यांत दोनच उणिवा होतात. थोडा प्राणवायु खर्च झालेला असतो, आणि त्याच्या जागीं कर्बवायु आलेला असतो. हा कर्बवायु काढून टाकला व खर्चलेला प्राणवायु पुन्हां भरला, तर तोच श्वास फिरून फिरून वापरतां येईल. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग शाळेंतल्या प्रत्येक मुलानें पाहिलेला असतो. तेथें चुना जें करतो तेंच काम फ्ल्यूसनें दाहक पोटॅशच्या द्रावणांत भिजविलेल्या दोराच्या धाग्यांवर सोंपविलें. प्राणवायूसाठीं तांब्याची एक लहान टांकी केली व तिच्यांत सुमारें ३० वातावरणांच्या दाबानें तो भरला. मध्यें रबरी कापडाची एक पिशवी घातली. ती श्वासाबरोबर फुगावी व रिती व्हावी.

राहिली झडप. टांकींतून पिशवींत प्राणवायु किती सोडावयाचा, हें ठरविणार कोण? फ्ल्यूसनें तें पाणबुड्याच्या बोटांवर सोंपविलें. पिशवी रिकामी वाटली कीं चावी किंचित् फिरवावी, भरली कीं बंद करावी. उपाय अगदीं घरगुती. परंतु पुढल्या साऱ्या इतिहासाचें बीज याच चावींत आहे.

या चावीचा स्वभाव फ्ल्यूसला स्वतःच्याच देहावर कळला. लंडन येथील पॉलिटेक्निक संस्थेच्या हौदांत त्यानें आपलें यंत्र चालवून दाखविलें व मग वाइट बेटावरच्या एका खाडींत तो उतरला. पाणी अवघें १८ फूट. तळाशीं फिरतां फिरतां, प्राणवायु बंद केला तर काय होतें हें पाहण्याचें कुतूहल त्याला झालें, आणि त्यानें चावी बंद केली. व्हावयाचें तें झालें. तो बेशुद्ध होऊन पडला, आणि वरच्या सोबत्यांनीं दोरानें ओढून काढलें म्हणूनच वांचला. या प्रसंगांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. गुदमरणाऱ्या माणसाची जी तगमग होते ती प्राणवायु संपल्यामुळें होत नसते, कर्बवायु सांचल्यामुळें होते. निसर्गानें शरीरांत धोक्याची घंटा बांधली आहे ती कर्बवायूला. फ्ल्यूसच्या यंत्रांत कर्बवायु पोटॅश खाऊन टाकीत असे. त्यामुळें प्राणवायु संपत आला तरी घंटा वाजत नसे. माणूस सुखानें श्वास घेत घेत, कोणतीही सूचना न मिळतां, मूर्च्छेंत जाई. आजही घरीं अशीं यंत्रें जुळविणारांचा घात बहुधा याच शांततेनें होतो.

असो. फ्ल्यूस सडब्रुकला आला, स्वतः पाण्यांत उतरलाही. परंतु त्या भुयारांतून दारापर्यंत जाण्याचा धीर त्याला झाला नाहीं. त्यांत त्याला हंसण्यासारखें कांहीं नाहीं. यंत्र शोधून काढणें आणि अनोळखी काळोखांत त्याच्या भरंवशावर हजार फूट चालत जाणें या दोन निराळ्या शक्ति आहेत. लँबर्टनें यंत्र मागून घेतलें, पाठीला बांधलें, आणि दिव्यावांचून, चांचपडत, पायाखालच्या रुळांच्या आधारानें तो निघाला. पहिल्या खेपेस तो दारापाशीं पोंचला. तेथें दाराच्या उंबरठ्यावरून गेलेले दोन रूळ दार लागूं देईनात. एक त्यानें उपटला, दुसरा हलेना, आणि तो परतला. १० नोव्हेंबरला तो पुन्हां गेला, उरलेला रूळ काढला, दाराच्या आंत जाऊन तेथली झडप पाडली, बाहेर येऊन दार ओढून लावलें, आणि शेवटीं भिंतींतल्या नळाची चावी सांगितल्याप्रमाणें फिरवून बंद केली. या साऱ्याला एक तास व वीस मिनिटें लागलीं.

पुढें डिसेंबरांत पंपांनीं पाणी उपसलें आणि माणसें दारापर्यंत जाऊन पोंचलीं, तेव्हां आढळून आलें कीं ती शेवटची चावी उघडीच होती. तिचे आटे डावे होते. इतर चाव्या ज्या दिशेनें बंद होतात त्या दिशेनें ती उघडत असे. आणि ती आधींपासूनच बंद होती. म्हणजे लँबर्टनें जिवावर उदार होऊन, काळोखांत, मोजून मोजून फेरे देऊन, जी चावी बंद केली असें मानलें, ती वस्तुतः त्यानें उघडली होती! कोणा लोहाराच्या किंवा फिटरच्या सोयीसाठीं पडलेला हा डावा आटा कोणीच लँबर्टला सांगितला नव्हता. १८८६ त बोगदा पुरा होऊन त्यांतून गाड्या धांवूं लागल्या. पण तो झरा अजून आटलेला नाहीं, आणि सडब्रुकचे पंप त्याचें पाणी आजही उपसतच असतात.

ज्या वर्षीं फ्ल्यूसनें पेटंट घेतलें त्याच १८७८ सालीं पॅरिसमध्यें पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाचा वातावरणाच्या दाबासंबंधीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें प्रयोगानिशीं दाखविलें होतें कीं, प्राणवायु फार दाबाखालीं घेतला तर तो विष होतो. प्राण्यांना फेंफऱ्यासारखे झटके येतात व ते मरतात. जीवन देणारा वायुच जीव घेतो ही गोष्ट त्या काळीं विचित्र वाटली असेल. परंतु हा ग्रंथ शास्त्रज्ञांच्या कपाटांत राहिला आणि पाणबुड्यांचीं यंत्रें कारखान्यांत होत राहिलीं. दोहोंची गांठ नीट पडण्यास साठांहून अधिक वर्षें गेलीं. लँबर्ट शुद्ध प्राणवायूवर सुखरूप परत आला याचें कारण पाणी फार खोल नव्हतें, आणि दैव बरें होतें.

फ्ल्यूसचें यंत्र पुढें सीब गोरमन या कंपनीकडे गेलें, व तेथें रॉबर्ट डेव्हिस यानें त्यावरून खाणींत अडकलेल्या मजुरांच्या आणि पाणबुडी जहाजांतल्या खलाशांच्या सुटकेसाठीं लहान आटोपशीर यंत्रें तयार केलीं. १९३१ त चीनच्या किनाऱ्याजवळ ‘पोसायडन’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली तेव्हां कांहीं खलाशी या यंत्राच्या बळावर वर आले. आठ वर्षांनीं मात्र निराळें घडलें. १ जून १९३९ रोजीं ‘थेटिस’ ही कोरी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत चांचणीसाठीं गेली. टॉर्पेडोच्या नळीचें बाहेरचें तोंड उघडें आहे कीं बंद, हें पाहण्यासाठीं मागल्या दारावर एक लहान परीक्षक तोटी असते. ती उघडली असतां पाणी आलें तर नळी भरलेली, न आलें तर रिकामी, असा हिशेब. तोटी उघडली, पाणी आलें नाहीं, दार उघडलें, आणि समुद्र आंत घुसला. तोटीचें सुईएवढें भोंक रंगानें बुजलें होतें. सडब्रुकच्या आट्यासारखीच ही दुसरी लबाड झडप. जहाजाचा पुढचा भाग पाण्यानें भरला व तो तळाशीं टेंकला. चार माणसें डेव्हिसच्या यंत्रानें बाहेर पडून वांचलीं. ९९ माणसें गेलीं.

मृतांत गोदीचे कामगारही होते. त्यांच्या कामगार संघांनीं चौकशीसाठीं जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाला पाचारण केलें. हॉल्डेनचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १९०८ त पाणबुड्यांनीं किती वेळानें वर यावें याचीं कोष्टकें करून दिलीं होतीं. घरांतच ही विद्या होती. मुलाची पद्धत अशी कीं प्रयोगाचा पहिला प्राणी आपण स्वतःच व्हावें. त्यानें चार साथीदारांसह सीब गोरमन यांच्या कारखान्यांतल्या पोलादी कोठडींत स्वतःला कोंडून घेतलें आणि सांचत जाणाऱ्या कर्बवायूचे परिणाम अंगावर नोंदविले. महायुद्धांत त्यानें हेंच काम पुढें चालविलें व दाबाखालचा प्राणवायूही स्वतः घेऊन पाहिला; त्या झटक्यानें त्याच्या पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. हा हॉल्डेन १९५७ त हिंदुस्थानांत येऊन राहिला, पुढें येथील नागरिक झाला, आणि १९६४ त भुवनेश्वर येथें वारला. खादीचा झब्बा घातलेला तो उंच, विक्षिप्त म्हातारा जेनेटिक्सचा पंडित म्हणून येथें सर्वांना ठाऊक होता. त्याच्या दुखऱ्या पाठीचें कारण फार थोड्यांना ठाऊक असेल.

याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर झाक-ईव्ह कुस्तो या नौदलांतल्या तरुण अधिकाऱ्यानें आपलें यंत्र घडविण्याचें मनांत घेतलें. त्यानें ‘सुफ्रां’ या लढाऊ जहाजावरच्या शस्त्रकारागिराला हाताशीं धरलें. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचा डबा, मोटारसायकलच्या आंतल्या ट्यूबचा तुकडा, प्राणवायूची एक लहान कुपी, आणि कर्बवायु शोषण्यास सोडा मिसळलेला चुना. इतक्या सामग्रींतून यंत्र उभें राहिलें. आंत जातां येतां एकही बुडबुडा बाहेर येत नसल्यानें मासे भीत नसत, आणि कुस्तोला आपण पाण्यांतलेच एक झालों असें वाटे. ४५ फुटांपर्यंत प्राणवायु निर्धोक आहे अशी त्याची समजूत होती. ४५ फुटांवर त्याचे ओंठ थरथरूं लागले, पापण्या फडफडल्या, पाठीचा कणा धनुष्यासारखा मागें वांकला. शुद्ध जाण्यापूर्वीं त्यानें कमरेचें वजन कसेंबसें सोडलें, म्हणून तो वर तरंगला. त्याला वाटलें, दोष यंत्राचा. त्यानें यंत्र सुधारलें, तो पुन्हां त्याच खोलीवर गेला, आणि पुन्हां तेंच झालें. या वेळीं वजन सोडल्याचें स्मरणही त्याला राहिलें नाहीं. वास्तविक यंत्रांत दोष नव्हताच. बेरनें १८७८ त लिहून ठेवलेलें त्याच्या रक्तांत घडत होतें, आणि कितीही चांगली झडप बसविली तरी तें टळणार नव्हतें.

युद्ध सुरूं झालें आणि हीं यंत्रें सैनिकांच्या पाठीवर चढलीं. इटालियन नौदलाच्या सहा जणांनीं डिसेंबर १९४१ मध्यें प्राणवायूच्या यंत्रांवर श्वास घेत अलेक्झांड्रिया बंदरांत शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. ब्रिटिशांनींही पाणबुडे शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां केनेथ डोनाल्ड या डॉक्टरनें शेंकडों प्रयोगांत माणसें प्राणवायु देऊन हौदांत उतरविलीं व कोणाला किती खोलीवर, किती वेळानें झटका येतो हें टिपून ठेवलें. निष्पन्न असें झालें कीं नियम असा कांहीं नाहींच. तोच माणूस आज अर्धा तास टिकतो व उद्यां दहा मिनिटांत कोसळतो. हौदाच्या तळाशीं ‘ऑक्सिजन पीट’ नांवाचा कोणी राहतो व तो माणसांना धरतो, अशी गोष्ट खलाशांनीं रचली. कोंकणांतला गिऱ्हा नदीच्या डोहांत दबा धरून बसतो, त्याचाच हा विलायती भाऊ म्हणावयाचा. आज शुद्ध प्राणवायूवर सहा मीटरांपेक्षां खालीं जाऊं नये असें शिकवितात, त्याच्या मागें हीं सारीं धरलेलीं माणसें आहेत.

अमेरिकेंत क्रिश्चन लँबर्टसन या वैद्यकीय विद्यार्थ्यानें १९४० च्या आगेमागें शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देण्याचें जें यंत्र असतें त्याचे भाग घेऊन पाण्याखालचें यंत्र जुळविलें. ही निवड फार चाणाक्षपणाची होती. भुलीच्या यंत्रांतही श्वास बंद चक्रांत फिरतो, चुना कर्बवायु शोषतो, आणि दोन पातळ पडदे श्वासाला एकाच दिशेनें वाहूं देतात. जें मेजावर निजलेल्या रोग्यासाठीं वर्षानुवर्षें पारखलें गेलें होतें तेंच त्यानें पोहणाऱ्याच्या छातीवर बांधलें. नौदलानें तें घेतलें नाहीं. हेरखात्यानें घेतलें, आणि ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लँबर्टसन स्वतः त्या तुकड्यांबरोबर गेला.

आतां एका निराळ्याच झडपेकडे वळावयास पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां आपल्याकडेही मोटारींच्या व बसगाड्यांच्या मागें कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या. कोळसा जाळून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चाले, आणि चढण आली कीं उतारूंना खालीं उतरावें लागे. जर्मनांच्या ताब्यांतल्या पॅरिसमध्येंही हीच अवस्था होती. अशा गाडींत एक अडचण असते. इंजिन जोरानें फिरतांना गॅस पुष्कळ लागतो, मंद फिरतांना थोडा. चालकानें दर क्षणीं चावी फिरवावी कीं गाडी हांकावी? ‘एअर लिक्विड’ कंपनींतल्या एमिल गान्यां या इंजिनियरनें यासाठीं एक लहानशी बेकेलाइटची झडप केली होती. इंजिनानें ओढ घेतली कीं आंतला पडदा वांकून ती उघडे, ओढ थांबली कीं आपोआप मिटे. १९४२ च्या डिसेंबरांत कुस्तो त्याच्याकडे गेला व आपणांस काय पाहिजे तें सांगूं लागला, तेव्हां गान्यांनें हीच वस्तु त्याच्या हातांत ठेवली. इंजिनाच्या जागीं फुप्फुस आणि गॅसच्या जागीं दाबाखालची साधी हवा, एवढाच फरक. अर्थात् कल्पना अगदीं नवी नव्हती. बन्वा रुकेरोल या खाण-इंजिनियरनें १८६० च्या सुमारास खाणींसाठीं असाच नियंत्रक केला होता, देनेरूझ या नौदलाच्या अधिकाऱ्यानें तो पाण्याखालीं नेला होता, आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबरींतले वीर तोच पाठीवर घेऊन समुद्रतळीं हिंडतात. पण त्या काळच्या टांक्यांत हवा थोडी मावे, म्हणून तो मागें पडला होता.

जानेवारी १९४३ मध्यें दोघे मार्न नदीच्या कांठीं गेले. कुस्तो थंड पाण्यांत उतरला. आडवें पोहतांना श्वास सुरेख येई. उभें राहतांच हवा भसाभसा वाहून जाऊं लागे. डोकें खालीं केलें तर ओढूनही येईना. दोघे खिन्न होऊन परत निघाले, आणि वाटेंतच कोडें सुटलें. श्वास बाहेर जाण्याचें भोंक एकीकडे, आंत येण्याची झडप दुसरीकडे. मधें अर्ध्या फुटाचें अंतर. पाण्यांत अर्धा फूट उंचीचाही दाब असतो. उभें राहिलें कीं एक वर व दुसरी खालीं होई, आणि तेवढ्या फरकानें झडप बिघडे. दोन्ही एका पातळींत आणतांच यंत्र सर्व बाजूंनीं सारखें चालूं लागलें. त्याच वर्षीं जूनमध्यें कुस्तोनें तें समुद्रांत वापरलें. आज जगभर हौशी लोक ज्या यंत्रानें समुद्रांत उतरतात तें मुळांत कोळशाच्या गॅसवरील मोटारीच्या झडपेचें वंशज आहे.

मात्र या यंत्रांत प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वायां जातो, आणि जितकें खोल जावें तितकी नासाडी वाढते. दहा मीटरांवर दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट. उच्छ्वास पुन्हां वापरणाऱ्या यंत्राचें तसें नाहीं. शरीर प्राणवायु जाळतें तो खोलीच्या नव्हे, श्रमाच्या प्रमाणांत. विसावलेला माणूस मिनिटाला पाव ते अर्धा लिटर, नेटानें पोहणारा दोन-तीन लिटर. म्हणून फ्ल्यूसचा मार्ग मेला नाहीं. उलट १९६८ त वॉल्टर स्टार्क व जॉन कॅनविशर यांनीं ‘इलेक्ट्रोलंग’ यंत्रांत विजेचे संवेदक बसवून पिशवींतला प्राणवायु मोजण्याची सोय केली. आतां प्राणवायूबरोबर दुसरा वायु मिसळून खोलही जातां येऊं लागलें, आणि प्रत्येक क्षणीं प्राणवायु किती आहे हें कांट्यावर दिसूं लागलें. हीं यंत्रें फार महाग. म्हणून घरच्या कारखान्यांत तीं बनविणारांचा एक पंथच निर्माण झाला.

या कारागिरांपुढें झडपेचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. बाजारांत सहज मिळे ती कुस्तोच्या वंशांतली झडप. ती मुद्दाम अशी घडविलेली असते कीं तिच्या एका भोंकांतून समुद्राचें पाणी आंतल्या पडद्यावर दाबतें, व पाणबुड्या खालीं जाईल तसा ती वायूचा दाब आपण होऊन वाढविते. उघड्या यंत्राला हें भूषण. उच्छ्वास परतविणाऱ्या यंत्राला दोष. कारण येथें प्राणवायु एका बारीक छिद्रांतून सतत ठिबकत ठेवावयाचा असतो, आणि मागचा दाब वाढला तर ठिबकणेंही वाढतें. खोलीबरोबर प्राणवायूचें प्रमाण चढत जातें आणि ऑक्सिजन पीट जवळ येतो. युक्ति अशी सांपडली कीं तें पाण्याचें भोंकच बंद करून टाकावें. मग झडपेला समुद्र किती खोल आहे हें कळत नाहीं. तिचा दाब कायम राहतो. मागचा दाब पुढच्या दाबाच्या दुप्पट किंवा अधिक असेल तोंवर बारीक छिद्रांतून वायु ध्वनीच्या वेगानें निघतो, आणि पुढें काय आहे याचा त्याच्या प्रवाहावर कांहीं परिणाम होत नाहीं. पंचवीस मीटरांवर जितका, पांच मीटरांवर तितकाच. फार खोल गेल्यावर मात्र पाण्याचा दाब झडपेच्या दाबाला गांठूं लागतो आणि धार रोडावत रोडावत थांबते. बहिरी केलेली झडप तळाचा निरोप ऐकत नाहीं, हें ती बहिरी करणारानें विसरून चालत नाहीं. शिवाय प्राणवायूच्या झडपेंत तेलाचा थेंब राहिला किंवा चावी एकदम उघडली, तर धातूलाही आग लागते. म्हणून त्या चाव्या नेहमीं हळूहळू फिरणाऱ्या ठेवतात.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गॉर्डन स्मिथ या कॅनडाच्या कारागिरानें हीच बहिरी झडप वापरून एक यंत्र केलें, आणि इतर यंत्रांतली प्राणवायु सोडणारी विजेची योजना त्यांतून काढून टाकली. छिद्रांतून शरीराच्या किमान गरजेहून किंचित् कमी प्राणवायु सारखा येत असतो. कांट्यावरचा आंकडा उतरूं लागला कीं पाणबुड्या आंगठ्यानें एक बटण दाबून उरलेला भरून काढतो. यंत्र थोडें अपुरें ठेवलें आहे तें जाणूनबुजून. स्वस्थ बसून चालत नाहीं हें ठाऊक असलेला माणूस कांट्याकडे पाहत राहतो. त्या आंगठ्याखालची झडप फ्ल्यूसच्या चावीहून फारशी निराळी नाहीं. तिच्याशेजारीं संवेदकांचे तीन कांटे आहेत, कारण एकटा कांटा खोटें बोलूं शकतो, आणि दोघांत भांडण लागलें तर खरा कोणता हें तिसऱ्यावांचून ठरत नाहीं.